निबर हिरडी

माझी धाकटी बहीण चार वर्षांची असताना उखळावर तोंडघशी पडली आणि वरचे पुढचे दोन दुधाचे दात गेले. आईने ते माझ्या हातात दिले नि म्हणाली, "उंदराच्या बिळात टाक, म्हंजी त्याच्यावानी दात येतील." मी टाकले. खोटं कशाला बोलू, चांगले खोल टाकले. तिचे बाकीचे दात पडले, नवे आले, पण त्या दोघांचा पत्ता नाही.

मग उपाय सुरू झाले. मीठ आणि कोळशाची पूड बोटावर घेऊन हिरडी चोळायची. चोळलं की आतला दात जागा होतो, असं भाजे गावातल्या बायका छातीठोक सांगायच्या. चोळायचं काम माझ्याकडे. रोज सकाळी तिचं डोकं मांडीत दाबून मी अंगठ्यानं चोळायची, आणि जरा जोरातच चोळायची. ती गोरी, मी काळी. आल्यागेल्यानं तिचं कौतुक करावं आणि मला पाणी आणायला पिटाळावं. वर्षानुवर्षं चोळून हिरडी टाचेसारखी निबर झाली. ती बोलायची कमी, आणि हसू आलं की पदर तोंडाला लावायची.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. मला बघायला लोणावळ्याहून पाहुणे आले. मुलगा रेल्वेत सांधेवाला, म्हणजे गाड्यांचे रूळ बदलणारा, राहायला खोली. शेणामातीतून सुटायची मला तेवढी एकच वाट दिसत होती. त्याच्याबरोबर त्याची आत्या आली होती, आणि त्या घरात तिचाच शब्द चालायचा. मी मान खाली घालून पाटावर बसले. एवढ्यात बहीण चहाचं ताट घेऊन आली, आणि आत्याबाईंची नजर माझ्यावरून उठली ती तिच्यावर जाऊन बसली.

"ही कुनाची?"

"माजीच. धाकली हाय," आबा म्हणाले. आबा म्हणजे आमचे वडील.

"मग हीच द्या की आमाला," आत्याबाई म्हणाल्या. माझ्यादेखत म्हणाल्या.

माझ्या अंगाची आग झाली. आत्याबाई पान चघळत होत्या, जबडा अगदी आमच्या शेळीसारखा फिरत होता. बहिणीचे दोन्ही हात ताटात अडकलेले, हे मी नीट बघून घेतलं. मग तिच्याकडे बघून पदराआडून शेळीसारखा जबडा फिरवला. ती खदखदून हसली. ताट सोडता येईना, पदर धरता येईना.

"आगं बया," आत्याबाई म्हणाल्या, "ही तर बोळकी म्हातारी. न्हाई बाई, थोरलीच बरी."

माझं लग्न ठरलं.

बोळकी हे नाव मावळात गावोगाव झालं. आबांनी धसका घेतला आणि वर्षाच्या आत तिला भुशीकडच्या एका बिजवराला देऊन टाकलं. त्याची पहिली बायको वारलेली, पदरात दोन पोरं. मांडवात कुणीतरी दातांवरून बोललं, तर तो म्हणाला, "दात न्हाईत त्ये बरं हाय, चावायची तरी न्हाई." सगळे हसले. मीही हसले.

पुढे माझं पोर तापलं, तेव्हा ती मदतीला आली. त्याला घेऊन आम्ही दोघी रेल्वेच्या डॉक्टरकडे गेलो. पोराला तपासता तपासता डॉक्टरांचं लक्ष तिच्या तोंडाकडे गेलं. त्यांनी हिरडीवरून बोट फिरवलं नि म्हणाले, "दात इथंच आहेत. दुधाचे दात लवकर गेले, त्यात तुम्ही चोळून चोळून वरचं कातडं निबर केलंत. त्यांनी बाहेर यावं कुठून?" हिरडी बधिर करून त्यांनी दोन ठिकाणी चीर दिली. तिची चूळ भरून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "एवढंसं काम. इतकी वर्षं काय करत होतात?"

तिने डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

दात हळूहळू उतरले. संक्रांतीला ती माझ्या खोलीवर वाण घेऊन आली, सवतीचं पोर कडेवर. तोंडावरचा पदर बाजूला केला. दोन्ही दात सरळ, पांढरेशुभ्र.

"लय ग्वाड दिसतीस," मी म्हणाले.

ती उंबऱ्यावर बसली. "अक्का," म्हणाली, "आता हसीव की मला."

मी मेली मूर्ख, खरंच जबडा फिरवला. ती हसली नाही.