यंदा पडली आहे

माझ्या मामाला इंग्रजी येतं असं सगळे म्हणायचे. म्हणायचे, कारण त्यांच्यातल्या कुणालाच येत नव्हतं. एका गोऱ्या साहेबाच्या स्वयंपाकघरात सहा वर्षं बशा धुताना जे कानावर पडलं, तेवढ्या भांडवलावर हा गडी मोजणीखात्यात दुभाषी झाला. गुडघ्यापर्यंत कोट आणि पायात दुसऱ्याच कुणाच्या मापाचे बूट. गाव त्याला 'येसफेस' म्हणायचं आणि त्याला तो किताब वाटायचा.

मोजणीच्या साहेबाचं काम तसं सोपं होतं. दुसऱ्याच्या जमिनीत तिपाई रोवायची, साखळी ओढायची, कागदावर रंग भरायचा. पेरलेली जमीन हिरवी, बाकीची कोरी. कोरी ती सरकारची. आज माझ्या ताटात भाजी वाढली नाही म्हणून ताट काय शेजाऱ्याचं होतं? पण हे साहेबाला सांगणार कोण? आमचे दुभाषी!

आमच्या शेताचे तीन तुकडे होते. दोन पेरायचे आणि तिसरा वर्षभर तसाच पडू द्यायचा, पाळीपाळीनं. आजोबा असंच करत आले होते. त्या वर्षी नदीकडचा, सगळ्यात कसदार तुकडा पडलेला होता. बाबा जाऊन दोन वर्षं झालेली, आई आणि आम्ही दोघी बहिणी त्या जमिनीवरच जगत होतो. साहेब आला तेव्हा आई बांधावरच उभी होती. त्यानं मामाकरवी विचारलं, इथे काय पिकतं? आई म्हणाली, "यंदा पडली आहे."

मामाला 'पडली'चं इंग्रजी येत नव्हतं. येत नाही म्हणाला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? पण या शहाण्यानं घसा खाकरला आणि आठवतील ते दोन शब्द ठोकून दिले. मेलेली, रिकामी. साहेबानं मान डोलावली आणि आमचा तुकडा कागदावर कोरा सोडला. आणि साहेब तरी काय दिव्य! पायाखाली नांगराच्या जुन्या सऱ्या दिसत होत्या, पण खाली बघायला वेळ कुणाला?

पुढच्या वर्षी एक गोरा मळेवाला आला आणि त्यानं तिथे कुंपण घातलं; कागदावर 'मेलेली, रिकामी' लिहिलंय, असं त्याच्या माणसांनी सांगितलं. आई तडक कचेरीत गेली, मला बरोबर घेऊन. लांबलचक टेबल, भिंतीवर नकाशा, खुर्ची एकच. तिच्यावर साहेब. आई मामाला म्हणाली, "सांग त्याला, जमीन मेली नव्हती, विसावा घेत होती. आणि चूक तुझी झाली, तेही सांग."

मामा बुटांकडे बघत बराच वेळ काहीबाही बोलला. साहेब हसला आणि त्यानं आईला हात जोडले. मामा म्हणाला, साहेब बघतो म्हणतात. बाहेर आल्यावर दारावरच्या कारकुनानं खरं काय ते सांगितलं. मामानं साहेबाला सांगितलं होतं, माझी बहीण सरकारचे आभार मानायला आली आहे. नोकरी वाचली त्याची. आमचा तुकडा गेला तो गेलाच. आईनं त्याच्याशी बोलणं टाकलं.

अकरा वर्षांनी मामा तापानं अंथरुणाला खिळला. कचेरीमागच्या सरकारी खोलीत एकटाच. हजेरीला दिसला नाही, म्हणून नव्या साहेबानं चौकशी केली. शिपाई म्हणाला, ते पडलेत. त्या दिवशी मामाच्या जागी उभा असलेला दुभाषी नवा होता, पण इंग्रजी मामाकडूनच शिकलेला. त्यानं गुरूचाच धडा म्हणून दाखवला. मेला, खोली रिकामी.

दुसऱ्या दिवशी खोली दुसऱ्याच्या नावावर चढली. मामा ओरडून ओरडून सांगत होता मी जिवंत आहे, पण ते इंग्रजीत करून सांगायचं तर नव्या दुभाष्याला आपली चूक कबूल करावी लागली असती, आणि तापात त्याचं स्वतःचं येसफेस कुठल्या कुठे पळालं होतं. ट्रंक डोक्यावर घेऊन तो आमच्या दारात आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, "जरा पडू का?"

आईनं त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मला वाटलं, आता दार लावते.

"पड," ती म्हणाली. "या घरात पडलेल्याला कुणी मेलेला म्हणत नाही."