सायलेन्सरमधलं पाणी

मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि सायलेन्सरमधून पाणी ठिबकायला लागलं, की हेड गॅस्केट गेलं, इंजिनात पाणी शिरलं म्हणून समजायचं. डिझेल गाड्यांखाली तीस वर्षं लोळल्यावर एवढं तरी कळतंच. त्यामुळे त्या दिवशी कॉलेजच्या मैदानावर मी ओरडलो, त्यात माझं काय चुकलं ते मला अजून नीट उमगलेलं नाही.

माझी मुलगी तिथं इंजिनिअर. तिनं आणि तिच्या सरांनी एका जुन्या मिनीबसला हायड्रोजनवर चालणारं इंजिन बसवलं होतं. लोकांनी बसून बघावं म्हणून कळंब्यापर्यंत फेरी ठेवली होती. लोक बसले तर काम पुढं जाणार, नाहीतर गाडी शेडमध्ये धूळ खात पडणार. माझी गिऱ्हाइकंही आली होती. "तेलासाठी परदेशाच्या तोंडाकडं बघायला नको," सर सांगत होते. मला ते पटत होतं, आणि मग आपल्या गॅरेजचं काय, हेही डोक्यात घोळत होतं.

मुलीनं इंजिन चालू केलं. मागून वाफ आली, पाणी ठिबकलं.

"बंद कर! गॅस्केट गेलंय की!" मी ओरडलो.

दाराशी आलेले लोक झटकन मागं सरले.

"आप्पा, ह्यातनं पाणीच येतंय. धूर न्हाय येत," मुलगी म्हणाली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुरगूडचं एक जुनं गिऱ्हाईक बायकोला घेऊन पुढं आलं. "मिस्त्री, तुमीच सांगा. बसू का नगो? स्फोटबिट न्हाय न्हवं व्हनार?"

मी बॉनेटवर हात ठेवून ऐकलं. डिझेलचं इंजिन असतं तर कुठला सिलिंडर कच्चा आहे ते डोळे मिटून सांगितलं असतं. ह्या आवाजातलं मला काही म्हणजे काही कळेना. खरं बोलावं तर गाडी रिकामी राहणार, खोटं बोलावं तर माणसं आत बसणार. मुलगी माझ्याकडं बघतही नव्हती.

"बसा की," मी म्हणालो. "इंजिन झकास हाय."

दोघं चढले. मग बाकीचे चढले आणि बघता बघता गाडी भरली.

"मिस्त्री, या की! सरकून घेतो," आतून हाक आली.

माझा पाय काही पायरीवर पडेना. भीती होती की आणखी काही, देव जाणे.

"तुमी व्हा फुडं. ग्यारेज उघडं टाकून आलोय."

गॅरेजला कुलूप होतं. मुलीच्या ह्या फेरीसाठीच सकाळी मी ते तिच्यादेखत लावलं होतं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि दार ओढून घेतलं.