मामांना सांभाळताना

वैशाखातला रविवार, अकोला. सकाळी नऊलाच ऊन चटका देत होतं, वारा बंद.

फजिती सांगतो, पण आधी चहा घ्या. निवल्यावर दोन्हींची चव जाते.

शेजारच्या वच्छलाकाकूंच्या सुजाताचं लग्न होतं. सलग दुसरं वर्ष कोरडं. कापूस करपलेला, धरण तळाला, नळ आठवड्यातून एकदा. काकूंनी एकटीने लग्न उभं केलं, पण पाहुण्यांच्या भाताला पाणी कुठून आणणार?

मी म्हटलं, ते माझ्याकडे लागलं. पाणीपुरवठा खातं मला तोंडपाठ. साहेब टाकीची पातळी बघतात, सुपरवायझर गल्ल्यांच्या पाळ्या लावतो, फिटर गळती शोधतो. पण पाणी खरं सोडतो तो चावीवाला. लांब लोखंडी दांड्याची चावी रस्त्यातल्या खड्ड्यात घालून तो व्हॉल्व फिरवतो, तेव्हा कुठे आपला नळ खोकतो. मी सुपरवायझरला गाठून आमची पाळी लग्नाच्या सकाळी ओढून घेतली. छाती फुगली होती माझी, खोटं कशाला बोलू?

काकूंनी आणखी एक काम दिलं. "वामनभाऊ, नवरदेवाचे मामा बार्शीटाकळीहून येऊन राह्यले. त्याईले तुमी सांभाळजा. मागच्या लग्नात वरणात मीठ कमी म्हणून रुसले, अन् अर्धी वरात परत नेली त्याईनं."

लग्नाच्या सकाळी दारात एक गृहस्थ उभे. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा. "वामनभाऊ तुमीच काय?"

मामाच! हात धरून आत नेलं. पाहुण्याला खाऊ घातल्याशिवाय कामाचं विचारायचं नाही, ही आमच्याकडची रीत. बायकोने जपून ठेवलेलं पाणी पाय धुवायला दिलं. चहा झाला, पोहे झाले, मग आमरस. ते दोनदा उठले. "भाऊ, मले काम हाये." मी म्हटलं, "कामं होत राह्यतात, बसा." तिसऱ्यांदा ते उठलेच नाहीत. रस गोड होता.

इकडे नळ कोरडे. आचारी भाताच्या रिकाम्या गंजाशेजारी हात बांधून बसलेला. काकू दर थोड्या वेळाने नळाखाली हात धरून बघायच्या. मला राहवेना. मामांना आणखी एक वाटी वाढायला सांगून मी कोपऱ्यावर गेलो.

खड्ड्याचं झाकण उघडं, चावी आडवी पडलेली आणि शेजारी दगडावर एक म्हातारा निवांत बसलेला. हात तेलाने काळे, कपडे मळके. मग काय विचारता! पगार कशाचा घेता इथपासून जे सुरू केलं, ते थांबलोच नाही. त्याने तोंड उघडलं की माझं एकच, "आधी पाणी, मग बोलणं."

तो उठला, चावी उचलली. खड्ड्यात दोन व्हॉल्व. "कोनता?"

"डावा," मी ठासून सांगितलं.

त्याने जोर लावून फिरवला. पाणी आलं. मागच्या गल्लीत.

तिथला आनंदाचा कल्ला ऐकत असतानाच मी घरी बसवलेले मामा तोंड पुसत आले. "भाऊ, डावा मागच्या गल्लीचा हाये."

"तुमाले काय ठाऊक?"

"मी चावीवाला. सुपरवायझरनं सांगतलं, आधी वामनभाऊले भेट."

मी हळूच म्हाताऱ्याकडे वळलो.

"मी नवरदेवाचा मामा," तो हात पुसत म्हणाला. "जीप बंद पडली. ढकलत आणली."

काकू मागे येऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

"रुसावं म्हणतो," मामा म्हणाले. "पण लग्नाले आलो अन् नोकरी लागली, हे गावात सांगू कोनाले?"

काकू हसल्या, मग डोळ्यांना पदर लावला.

चावीवाल्याने घाईने उजवा व्हॉल्व उघडला. आमचा नळ खोकला आणि गप्प झाला. टाकी संपली होती.

मागच्या गल्लीत राहणाऱ्या सलमाआपांना हे कळलं. बघता बघता तिकडून हंडे, कळश्या, हातगाडीवर एक ड्रम. सलमाआपा म्हणाल्या, "पाणी तुमच्या पाळीचं. आमी ठेवून काय करू?"

चावीवाला निघताना माझ्याजवळ थांबला. "इतकी वर्षं पाणी सोडून राह्यलो, भाऊ. पाय धुवाले पाणी कोनी पहिल्यांदाच देल्लं." मी त्याला जाऊ दिलं नाही.

भात शिजला. लग्न लागलं. मामा आणि चावीवाला एका पंगतीला जेवले. काकूंनी मला पाण्याजवळ फिरकू दिलं नाही. मी मीठ वाढलं. आमच्या नळाला पाणी पुढच्या रविवारी आलं.