पतिरामचा उतरलेला खांदा

पतिरामला आमच्या भागात दोन प्रकारची माणसं ओळखत. खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा तमाशा, पाहणारे त्याला नाच्या म्हणून ओळखत, म्हणजे लुगडं नेसून, पायात घुंगरू बांधून बाईचं काम करणारा. आणि ज्यांचा पाय मुरगळला, मनगट सरकलं, ते त्याला हाड बसवणारा म्हणून ओळखत. कधी कधी दोन्ही एकत्र व्हायचं. एका महाशिवरात्रीला आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडाच्या यात्रेत तो गंमत करायला गेला होता. पायऱ्यांवर एक म्हातारी घसरली. हा लुगड्यात, तोंडाला रंग, तसाच धावला आणि तिथंच बसून घोटा बसवला. म्हातारी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुह्या हाताले गुण हाय वं. तुह्या सासूचं नशीब मोठं." पतिरामनं पदर सावरला आणि म्हणाला, "सासू तर रोज शिव्या देते, मावशी." हे मी स्वतः ऐकलं आहे. मी त्याच्या मागं नारळ घेऊन उभा होतो.

आता, हा माणूस हाडापर्यंत पोचला कसा, ते सांगतो. आधी तो तेंदूपत्ता तोडायचा. मग इटियाडोह धरणाच्या कालव्यावर माती टाकली. मग गोंदियाला राईस मिलमध्ये हमाल झाला. तिथं एकदा थप्पीवरचं पोतं त्याच्या उजव्या खांद्यावर कोसळलं आणि खांदा उतरला. मिलमध्येच सुखराम नावाचे एक गोंड म्हातारे हमालांना औषधाचा झाडपाला आणून द्यायचे, त्यांनी तो बसवला. पतिराम त्यांचे पाय सोडेना. सहा वर्षं त्यांच्या मागं जंगलात फिरून तो सगळं शिकला. पण खांदा कायमचा सैल राहिला. हात वर नेऊन जरा पिळला की निघायचा. म्हणून नाचताना तो उजवा हात कमरेवरच ठेवायचा. लोकांना वाटे, काय अदा आहे. शेजारच्या दोन गावांचे नाचे तर त्याचं पाहून उजवा हात कमरेवर ठेवून नाचू लागले. पतिराम त्यांना बघून लुगड्यात तोंड घालून हसायचा.

ओमेश त्याच्याकडे आला तेव्हा चोवीस-पंचवीसचा होता. कामठ्याचा. गोंदियात मोबाईलची कव्हरं विकायचं दुकान टाकलं होतं, ते बसलं. इथं नातेवाइकाकडे आला, पतिरामचं काम पाहिलं आणि राहून गेला. तीन वर्षं पतिरामच्या पडवीत झोपला, धुरपताबाईच्या हातचा भात जेवला. धुरपताबाई म्हणजे पतिरामची बायको. बोलायला कमी, पण नवऱ्याइतकंच हाड तिलाही कळतं, कारण बायका तिच्याकडेच जायच्या.

ओमेश हुशार होता, हे कबूल केलं पाहिजे. घोटा, मनगट, कोपर, सगळं शिकला. राहिला फक्त खांदा. आणि खांद्याची सुखरामांपासूनची एक रीत आहे. शिकणाऱ्याचा स्वतःचा खांदा आधी उतरवायचा आणि मग बसवायचा. कारण खांदा जोरानं बसत नाही. दुखणारा माणूस श्वास सोडतो त्या एका क्षणी तो आपसूक आत जातो, आणि तो क्षण कुठला हे आपल्या अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. नागपंचमीचा दिवस ठरला. पतिराम आंघोळ करून बसला, धुरपताबाईनं नारळ आणला. ओमेश सदरा काढतो म्हणून पडवीत गेला तो परत आलाच नाही. मागच्या दारानं निघून एसटी धरली होती.

"भेला बिचारा," पतिराम म्हणाला. राग नव्हता त्याला. खरंच नव्हता. भाकर खाऊन झोपला.

राग आला तो दोन वर्षांनी, होळीनंतर. ओमेशनं गोंदियात उपचार केंद्र काढलं आणि गावोगाव पत्रकं वाटली. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. काम करणाऱ्यांची पूर्वीची माहिती दिली होती. संगीतानं उपचार करणारी बाई आधी शाळेत गाणं शिकवायची, चित्रकलेनं मन शांत करणारा माणूस आधी बोर्ड रंगवायचा. ते ठीक. ओमेशच्या फोटोखाली होतं, 'केरळमधील आश्रमात तीन वर्षे अस्थिविद्येचे शिक्षण. उतरलेला खांदा दोन मिनिटांत.' आणि सगळ्यात खाली, जाड अक्षरात, 'अडाणी नाच्यांच्या हाती आपले हाड देऊ नका.'

आता आमच्या चार तालुक्यांत हाड बसवणारा नाच्या किती? एक.

मी ते पत्रक त्याला वाचून दाखवलं. त्यानं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, "केरळ म्हन्ते तं म्हनू दे गा. पन नाच्या म्हून शिवी कायले?"

माणसं यायची थांबली. एक बाप पोराला घेऊन त्याच्या फाटकापर्यंत आला, कोणीतरी काही बोललं आणि तो तिथूनच वळला. पतिराम ओसरीत बसून पाहत होता. पंचवीस वर्षांत त्याच्या फाटकातून कोणी परत गेलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं माझ्याकडे येऊन एकच गोष्ट मागितली.

"भाऊ, यंदाच्या मंडईले पाहुणा म्हून त्याले बलवा."

मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर भरणारी गावजत्रा. दिवसाउजेडी दुकानं, पाळणे आणि दुपारी गंमत. मी कमिटीत होतो. अध्यक्ष केशोराव, त्यांना कोणीतरी पुढारी हवा होता. मी सहा महिने त्यांच्या कानाशी लागलो. 'डॉक्टर आहे, शहरातला आहे, फोटो बरा येतो.' शेवटी पत्रिकेत मीच स्वतःच्या हातानं लिहिलं, 'प्रमुख पाहुणे मा. ओमेशजी.' ते 'मा.' लिहिताना मला जी मजा आली ती लग्नाच्या पत्रिकेतही आली नव्हती.

"त्याचा खांदा उतरवाचा हाय का गा?" मी विचारलं.

"उतरवाचा हाय," पतिराम म्हणाला. "पन त्याचा नाई."

तेव्हाच मला कळलं. मी त्याला अडवलं नाही. हेही सांगून टाकतो.

मंडईच्या दुपारी ओमेश आला. पांढरा कुडता, गळ्यात शाल, हातात नारळ. पहिल्या रांगेत सोफ्यावर बसला. शाहीर लखननं गण म्हटला, ढोलकी तापली आणि पतिराम हिरव्या लुगड्यात आला. नेहमीसारखा उजवा हात कमरेवर. नाचता नाचता लखन नवरा झाला, हा बायको. लखन म्हणाला, "हिनं काल मले लाटनं फेकून मारलं जी."

"लागलं का?" ढोलकीवाला.

"नाई. पन फेकता फेकता हिचाच खांदा उतरला."

माणसं हसली. पतिराम आला थेट ओमेशसमोर. उजवा हात कमरेवरून काढला, डोक्याच्या वर नेला आणि पिळला. पुढं बसलेल्या बायकांना आवाज ऐकू आला. हात खाली लोंबू लागला.

"डॉक्टरसाहेब," लखन माईकवर म्हणाला, "दोन मिनटात करून देता म्हनते. पाहून घ्या ना जी."

ओमेशला वाटलं नाटक आहे. हसत उठला, स्टेजवर चढला, खांद्यावर हात ठेवला. आणि हात तिथंच थांबला. खांद्याची गोलाई जिथं असायला हवी तिथं खड्डा होता.

"खरा हाय," पतिराम हळूच म्हणाला. पण माईक जवळ होता. "बसव."

"इनको हॉस्पिटल लेके जाओ," ओमेश म्हणाला. "एक्स-रे काढावा लागेल."

"पत्रकात एक्स-रे नाई लिवला तू."

ओमेशनं हात धरला, ओढला. पतिरामच्या तोंडावरचा रंग घामानं उतरत होता, पण तो ओरडला नाही. ओमेशनं पुन्हा ओढलं. पतिराम त्याला सांगत होता, "जोर नोको लावू. हे तुह्या दुकानाचं शटर नोहे." कोणी हसलं, पण अर्ध्यावर थांबलं.

"कोनापाशी शिकला, ते सांग माईकवर," पतिराम म्हणाला.

"केरळात."

"केरळात लोकायले खांदे नसतात का?"

पाच मिनिटं झाली, दहा झाली. पतिरामची बोटं निळसर पडू लागली. केशोराव धावत आले. "अगा पतिराम, बस कर. धुरपताबाई, बसवून द्या ना बापा."

धुरपताबाई स्टेजच्या पायथ्याशी हाताची घडी घालून उभी होती. पतिराम म्हणाला, "हा बोलल्याबिगर मले हात नोको लावू." ती जागची हलली नाही. नवरा-बायकोचं हे आधीच ठरलं होतं हे मला तेव्हा समजलं. ओमेश खाली उतरला. पण मधल्या वाटेत बायका मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी त्याला अडवलं नाही, फक्त कोणी गुडघा बाजूला केला नाही. वीस मिनिटं झाली असतील.

धुरपताबाई त्याच्याजवळ गेली. "तीन वर्सं तुले भात वाहाडला मी. मानसाचा हात कारा पडून राहिला तुह्यापायी. बोल."

ओमेश परत वर चढला. माईक धरला. इतका वेळ शहरी बोलणारा माणूस, त्याची गावची बोली निघाली. "पतिरामभाऊपाशी शिकलो जी."

"आन खांदा?" पतिराम.

"खांदा नाई शिकलो. भेलो."

"केरळ?"

"केरळले गेलोच नाई जी."

"नाच्या कोन हाय?"

ओमेश खाली पाहत होता. "गुरू हाय."

मग धुरपताबाई स्टेजवर चढली. पहिल्यांदा बसला नाही, फार वेळ झाला होता. दुसऱ्यांदा बसला. तेव्हा पतिराम एकदाच ओरडला आणि ती ओरड मी अजून विसरलो नाही. पण मला खरं विचाराल तर, ओमेशचा चेहरा त्याहून जास्त लक्षात आहे, आणि आठवला की मी एकटाच हसतो.

हात काही पूर्वीसारखा झाला नाही. नस दाबली गेली होती. उजव्या हाताच्या दोन बोटांना अजून काही कळत नाही, आणि बोटांना कळलं नाही तर हाड कसं शोधणार? फाटकातून माणसं पुन्हा येऊ लागली, जास्तच येतात, पण हात धुरपताबाईचा चालतो. पतिराम बाजूला बसून सांगतो. नाचणंही सुटलं. मी एकदा विचारलं, "पस्तावला का गा?"

"बापा," तो म्हणाला, "करते धुरपता. पन लोकं काय म्हन्तात? पतिरामकडे चाला म्हन्तात."

ओमेशचं केंद्र मात्र डगमगलं. जो येई तो आधी खांद्याचं विचारी, पाय मुरगळलेला असला तरी. संगीतवाली बाई परत शाळेत गेली. गेल्या नागपंचमीला सकाळी ओमेश पतिरामच्या फाटकात उभा. हातात नारळ. मी तिथंच बसलो होतो.

"खांदा शिकाचा हाय," म्हणाला.

पतिरामनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सदरा काढ. पडवीत नाई, इथंच."

ओमेशनं सदरा काढला. धुरपताबाईनं मागून त्याचा हात धरला, वर नेला आणि पिळला. ओमेश गुडघ्यावर बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो पळाला नाही.

"आता बसवू का?" धुरपताबाईनं विचारलं.

"थांब," पतिराम म्हणाला. "आधी चाय मांड."

चहा उकळला. गाळला. पतिरामनं डाव्या हातानं कप घेतला, बशीत ओतला, फुंकर मारली. मलाही दिला. चहा फार गरम होता, आणि आम्ही दोघांनीही घाई केली नाही.