इंदूमावशीनं काशीत सोडलेलं

मावशी गेल्याचा फोन काकांनीच, तिच्या नवऱ्यानंच केला. मी शिरूरच्या स्टँडवर होते. "तुजी मावशी गेली गं... पुण्यवान बाई. काशी करून गेली." मला रडू यायच्या आधी राग आला. काशीनंच तर तिला आधी मारलं होतं.

इंदूमावशी, माझ्या आईची धाकटी बहीण, निमोण्याची. आसपास कुठंही लग्न निघालं की दाराशेजारच्या भिंतीवर हत्ती, मोर, नवरानवरी काढायला तिलाच बोलावणं यायचं. लग्न होऊन कासुर्डीला गेली, तरी येणं चुकलं नाही. काशीचे घाट तिनं मासिकातून कापून ट्रंकेत ठेवले होते. म्हणून गावातून काशीला बस निघाली तेव्हा सगळे पुण्य मिळवायला निघाले आणि ही एकटी शहर बघायला. सोबतीला मला घेतलं.

घाटावर पोचल्यावर ती पायरीवर बसली ती बसलीच. एकावर एक चढत गेलेले वाडे, दगडी सज्जे, पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या... पेन्सिल थांबेना. तिच्यापायी बस खोळंबली, लोक कुरकुरले आणि काकांचं डोकं फिरलं.

काशीला गेलं की आवडीचं काहीतरी कायमचं सोडायचं, अशी रीत. आमची माणसं हुशार. कुणी कारलं सोडलं, कुणी दोडका. काकांनी जिलबी सोडली. मावशीची पाळी आली, तिच्या तळहातावर पाणी पडलं, आणि ती तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "चित्रं सोडतीय ही."

"काका, चित्र काय खायची वस्तू हाय का?" मी म्हटलं.

"तू गप. इंदे, सोड म्हनतो ना!"

माणसं हसली. मावशीनं पाणी सोडलं.

काकांनी पुढच्याच लग्नात चार जिलब्या हाणल्या. मावशीला मात्र कुणी भिंत रंगवायला बोलावलं की म्हणायची, "काशीत सोडलंय, बाई." मी भांडले, विनवण्या केल्या. ती म्हणायची, "गंगंला सांगितलंय ना मी..." अशा वेडीला काय म्हणावं? आणि दहाव्याला तेच काका लोकांना सांगत होते, "हातात लई कला व्हती, पर आपखुशीनं सोडली तिनं." मी तिथंच म्हणाले, "खोटं बोलू नका." आईनं माझा हात ओढून मला स्वयंपाकघरात नेलं.

तिथं कडाप्प्याचा काळा ओटा. भाजी धुऊन झाली की मावशी त्यावर ओल्या बोटानं काहीतरी ओढत बसायची. मी एकदा निरखून पाहिलं होतं, पायऱ्या होत्या. खालून वर, वर सज्जे. वाळायच्या, मग पुन्हा काढायची. विचारलं तर म्हणाली, "ह्ये काय चित्र न्हाई. पानी हाय."

मी बोट ओलं केलं. मला तिच्यासारखं कुठलं जमतंय... तरी चारपाच पायऱ्या ओढल्या. मागून काका आले. "वटा वल्ला ठिवलाय समदा," असं पुटपुटत त्यांनी फडकं उचललं. उभ्या जन्मात त्या माणसानं ओटा पहिल्यांदा पुसला.