डबीतला गोरेपणा

दवाखान्यात सोबतीले बसलं का किस्से आपोआप जमतात, खाटेखाली पाण्याच्या रिकाम्या बाटल्या जमतात तसे. नातीपाशी बसून बसून मी पार थकली. आता सांगूनच मोकळी होते.

नात म्हणजे शीतल. तिले पाहायले आलेली होणारी सासू म्हणाली, "पोरगी गुणाची हाय, रंग तेवढा दबला." झालं! पोट्टीनं अमडापूरच्या बाजारातून बिननावाची क्रीमची डबी आणली. थोड्या दिवसांत अशी उजळली का ओळखू येईना! मग तोंड सुजलं, पाय सुजले. गावातल्या बाया म्हणत, "शीतल भरली वं अंगानं! लग्न मानवलं!"

लग्न अजून व्हायचंच होतं!

*

शहरातली डॉक्टरीणबाई म्हणाली, "क्रीममध्ये पारा आहे. कातडीतून आत गेला, किडनीला लागला, म्हणून ही सूज." मग माझ्या लेकाले, शीतलच्या बापाले, गजाननले, सांगितलं, "घरात पाऱ्याचं जे असेल ते घेऊन या."

त्यानं क्रीमची डबी आणली, धान्याले कीड लागू नये म्हणून कोठीत ठेवलेल्या पाऱ्याच्या टिकड्या आणल्या, अन् एसटीत मांडीवर धरून भिंतीवरचा आरसा आणला!

"हा काऊन आणला बे?"

"त्याच्या मांगं पारा असते ना माय!"

डॉक्टरीणबाईनं डबी अन् टिकड्या ठेवून घेतल्या. आरसा राहिला आमच्या गळ्यात. शीतलनं त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं.

*

टॉवेल एक, उशी एक असली का पारा घरभर फिरते म्हणे. म्हणून सगळ्यांचीच लघवी तपासायची. माझा लघवीचा कॅन मी छातीशी धरून निघाली, तर बाजूच्या खाटेवरची पिंपळगाव राजाची शकीलाबी म्हणे, "अम्मा, इतकं जपून तर मी लग्नातले जहेजचे भांडे नाही नेले!"

"त्या भांड्यांचा रिपोर्ट येत नव्हता बाई!"

रिपोर्ट आला. माझ्या सुनेच्या, शीतलच्या मायच्या, लघवीतही पारा! सून म्हणते, "मी तर डबीचा फक्त वास घेतला होता!"

*

अंगातला पारा बाहेर काढायच्या कॅप्सूल सुरू झाल्या. पण वास! डबा उघडला का कुजक्या अंड्यांचा भपका. गजानन माळकरी माणूस. सिस्टरले बाजूले घेऊन हळूच विचारते, "ताई, यात अंडं तर नाही ना?"

"दादा, अंडं असतं तर तुमच्यापर्यंत उरलं असतं का?"

*

पोरीचे हात कापत. चहा कपातून बशीत, बशीतून चादरीवर. झोप नाही, अन् सगळ्यांवर खेकसणं. एकदा चादर बदलताना मले म्हणाली, "आजी, मी पहिलेसारखी होईन का?"

"पहिलेसारखी म्हणजे कोणती वं? काळी का गोरी?"

हसली. हसता हसता रडली. मी आपली चादरीचे कोपरे खोचत राह्यली.

*

हळूहळू सूज उतरली. डॉक्टरीणबाई म्हणाली, "किडनी सुधरून राहिली. पण रंग आता पहिल्यासारखाच येईल, बरं का." तो आलाच. अन् नेमकी त्याच दिवसांत होणारी सासू भेटीले आली.

काय गोरीपान दिसत होती बाई! हातात केळी, डोक्यावर पदर. शीतलनं चादर हनुवटीपर्यंत ओढली. सुनेनं स्टूल पुढं केलं. मी मनात म्हटलं, मोडली सोयरीक!

बाई शीतलकडे पाहे, औषधाच्या डब्याकडे पाहे. "हे कशानं झालं?" विचारलं. सुनेनं खाली मान घालून सगळं सांगितलं. पारा, किडनी, सूज, अन् घरातल्या सगळ्यांची तपासणी.

आता उठते, मंग उठते, असं मले वाटून राह्यलं होतं. बाईनं माझ्या सुनेले चहा आणायले पाठवलं. पातळ जरा वर घेतलं अन् आपल्याच घोट्यावर बोट दाबलं. खड्डा पडला, भरता भरेना.

मंग माझ्या कानाशी आली, "आजी, इथं बाहेरच्या माणसाची लघवी तपासतात का हो?"