माथेरानचा कौल

लवू परबाला शिंक आली तरी तो देवाला विचारून शिंकतो, असं भटवाडीतली सगळी चाळ म्हणायची. यात मीठमसाला होताच, पण मूळ भाजी खरी होती. घाटकोपरच्या डोंगरावरची ती खोली घेताना त्याने मालवणकडच्या आपल्या गावी देवाला कौल लावला होता. मुलीला, नलिनीला, शाळेत घालताना लावला, तिचे टॉन्सिल काढताना लावला, इतकंच काय, घरात पंखा घ्यावा की नाही यासाठीसुद्धा लावला. गावचा बाळा गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायचा, गाऱ्हाणं घालायचा आणि सगळे श्वास रोखून बघत राहायचे. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. पंख्याला देवाने उजवा कौल दिला. "देवाकसुद्धा उकडता," असं त्यावर लवूची बायको शेवंती म्हणाली होती.

शेवंतीची जीभ अशीच होती. हात मात्र जिभेच्या दुप्पट चालायचे. लवू परळच्या कापड गिरणीत साचे चालवायचा आणि त्याची सगळी रजा गणपतीला जायची. वर्षभरात प्रवास म्हणजे तो एकच. रात्रभर एसटीत अंग मोडून घ्यायचं, सकाळी तिठ्यावर उतरायचं आणि डोक्यावर सामान घेऊन घराकडे चालत सुटायचं. घरी पोचलं की लवू ओटीवर पाय पसरून चार भावांत गप्पा छाटायला बसायचा, आणि शेवंती पदर खोचून जी चुलीपाशी जायची ती गौरीगणपतीचं विसर्जन झाल्यावरच बाहेर दिसायची. परतीच्या एसटीत लवू म्हणायचा, बरा वाटला, जीव थंड झालो.  शेवंतीला तोवर झोप लागलेली असायची.

माथेरानचं खूळ तिच्या डोक्यात शेजारच्या वनमालाने घातलं. वनमालाचा नवरा बँकेत शिपाई होता. ते जोडपं दोन दिवस माथेरानला राहून आलं आणि चाळीत चिक्की वाटली. नेरळहून छोटी गाडी निघते, वनमाला सांगत होती, ती इतकी हळू चढते की पोरं खाली उतरून बाजूने चालतात आणि पुढे परत डब्यात चढतात. वर मोटार नाही, हॉर्न नाही, नुसती लाल माती आणि झाडं. आणि जेवण आयतं.

"लाल माती बघूक माथेरानाक कित्याक जावचा?" लवू हसून म्हणाला. "गावाक काय ती कमी आसा?"

"गावाक गेलंय की मी सून," शेवंती म्हणाली. "तीस माणसांची चूल माझ्या वाट्याक. थयसर माका कोण वळखतला? एक दीस नुसता बसान बघूचा आसा माका."

लवूला ते पटलं नाही असं नाही. पण पटणं वेगळं आणि उठून जाणं वेगळं. खरं सांगायचं तर त्याला भीती वाटायची. गाव सोडून तो कुठे गेलाच नव्हता. हॉटेलात राहायचं म्हणजे काय करायचं, कुणाशी काय बोलायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि कोकणी पुरुष भीती वाटते असं कबूल करण्यापेक्षा शंभर कारणं सांगेल. "पुढल्या वर्षाक बघूया," तो म्हणाला. तेच पुढच्या वर्षीही म्हणाला. नलिनी लहानाची मोठी झाली, तिने आईला "पुढल्या वर्षाक" असं चिडवायला सुरुवात केली, आणि शेवंतीही त्यांच्यात हसायला लागली. माणसं आपल्याच दुःखावर हसायला लागली की घरातल्यांना वाटतं, दुःख संपलं.

मग ब्याऐंशीचा संप आला. एवढ्यातेवढ्याला कौल लावणाऱ्या लवूने तेव्हा मात्र देवाला विचारलं नाही. सगळी गिरणीच बाहेर पडली, विचारायला सवड होती कुणाला? संप चिघळला आणि गिरणीचं दार त्याच्यासाठी पुन्हा उघडलं नाही. पुढे तो पवईला एका बांधकामावर वॉचमन म्हणून लागला. शेवंती मसाले कुटून देऊ लागली. त्या दिवसांत माथेरानचं नाव घ्यायची सोय नव्हती.

शेवंतीच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा तिने ते बरेच महिने ओव्यावर भागवलं. हॉस्पिटलात नेलं तोवर गाठ हाताला लागत होती. डॉक्टर तरुण होता, तो लवूला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, आता औषधाने दुखणं कमी होईल, बरं नाही होणार. त्यांना जे आवडतं ते करू द्या."

त्या संध्याकाळी लवू घरी आला आणि त्याने बायकोला विचारलं नाही, सांगितलं. "शेवंते, माथेरानाक जावया." वनमालाच्या नवऱ्याकडून त्याने हॉटेलचं नाव आणलं, नलिनीने बॅग भरली. शेवंतीने पेटीतली जांभळी साडी काढून उशाशी ठेवली. इतकं सगळं झालं आणि मग लवूला आठवलं, की देवाला विचारायचं राहिलं. आजारी माणसाला घाट चढवायचा, कमीजास्त झालं तर?

शेवंतीचा धाकटा भाऊ दादू मुलुंडला राहायचा. तो शिमग्याला गावी निघाला होता. लवूने त्याच्या हाती नारळ दिला आणि कौल लावून यायला सांगितलं. दादू जाताना बहिणीला भेटायला आला, तिच्यापाशी बराच वेळ बसला आणि डोळे पुसत बाहेर पडला. शिमगा आटोपून परत आला तो दारातच उभा राहिला. "भावोजीनु," तो खाली बघत म्हणाला, "डावो इलो."

 शेवंतीनेच मग लवूची समजूत घातली. "देवाची इच्छा. तुमी तयार झालास, त्यात माका पोचला," ती म्हणाली आणि नलिनीला बॅग रिकामी करायला लावली. चैत्रात ती गेली. त्या जांभळ्या साडीतच तिला नेली.

लवूने देवाशी वैर धरलं. दुसरा शब्द नाही त्याला. भिंतीवरचा गावच्या देवळाचा फोटो त्याने उतरवला आणि पलंगाखाली पालथा टाकला. जन्मभर तुझ्या पायरीला नाक घासलं, तुला न विचारता पाणी प्यालो नाही, आणि एका बाईने एक दिवस मागितला तो तुला देववला नाही? असं तो मोठ्याने बोलायचा, आणि शिव्याही द्यायचा, अशा की चाळीतल्या म्हाताऱ्या कानांवर हात ठेवायच्या. त्या वर्षी गणपतीला तो गावी गेला नाही. पुढच्या वर्षीही नाही. भावांनी निरोप धाडले, नलिनी रडली. "डावो कौल दिल्यान तेच्या दारात मी जावचंय नाय," एवढंच त्याचं उत्तर.

तिसऱ्या वर्षी दादूला राहवेना. गणपती आठवड्यावर आले असताना तो भटवाडीत आला, नलिनीने दिलेला चहा तसाच खाली ठेवला आणि म्हणाला, "भावोजीनु, देवाक शिवी देव नकात. मी देवाकडे गेलंयच नाय. नारळ वाटेत व्हाळाच्या पाण्यात सोडलंय."

लवूला आधी समजलंच नाही.

"माझ्या बायन माका शपथ घातल्यान," दादू म्हणाला. "ती म्हणाली, माका आता न्हाणीपर्यंत चलाक जमणा नाय, गाडयेत खयची बसतंय? पण मी नको म्हटलंय तर तुझे भावोजी जन्मभर आपल्याकच खातले, की आपण उशीर केलो. देव नको म्हणालो तर देवाक चार गाळी देतले आणि मोकळे होतले. देव मोठो आसा, तो सोसतलो."

 लवूने पलंगाखाली हात घालून फोटो काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा खिळ्याला लावला.

गणपतीला तो गावी गेला. देवळात बाळा गुरव पाकळ्या भिजवू लागला तशी लवूने मान हलवली. त्याला काही विचारायचं नव्हतं. तो नुसता पायरीवर डोकं टेकून "चुकलंय म्हाराजा" म्हणत राहिला. देव सुटला. पण शेवंतीने जे ओझं मोठ्या मायेने देवाच्या डोक्यावर ठेवलं होतं ते आता तिथून उतरलं, आणि ठेवायला दुसरी जागा नव्हती. ते लवूलाच घरी आणायचं होतं.

पावसाळा सरला, नेरळची छोटी गाडी सुरू झाली, आणि एका रविवारी लवू नलिनीला म्हणाला, "चल." या वेळी देवाला विचारलं नाही की कुणाला सांगितलं नाही. घरी चहा-चपाती खाऊन दोघं निघाली. नेरळला छोट्या गाडीत बसली. ती खरंच तशी हळू चढत होती, आणि पोरं खरंच उतरून बाजूने चालत होती. वळणावळणाला नलिनी हात करून दाखवायची, बाबा ते बघा, बाबा ते बघा. लवू हो हो म्हणत होता.

वर उतरल्यावर तो स्टेशनाबाहेर लाल मातीच्या वाटेवर एका दगडावर बसला. कसलाच आवाज नव्हता. झाडाखाली चुडीदारातल्या, साड्यांतल्या बायका काही न करता बसल्या होत्या.

"बाबा, भूक लागली का?" नलिनीने विचारलं. "पण अजून जेवायची वेळ पण नाही झाली हां."

"जेवणाची वेळ नाय झाली?" लवूने तिच्याकडे पाहिलं.

"नाही ना. किती लवकर आलो आपण."

लवूने खाली वाकून मूठभर लाल माती उचलली, ती हातातच धरून ठेवली, आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला.

"नलू," तो म्हणाला, "एवढाच लांब होता गो?"